सुनेच्या नावावर माझं बीपी

तीर्थरूप ताईस,

कागदावरूनच पाया पडते, खरोखर वाकले तर उठवायला माणूस लागेल. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी अजून बोलतात कमी आणि खोकतात जास्त का? आमच्याकडे सगळं उत्तम. गेल्या गुरुवारी मला बाळंतिणींच्या वॉर्डात भरती केलं होतं, तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही.

लगेच दाजींना हाका मारू नकोस, आधी पुरतं वाच. सुनेला सातवा लागलाय हे तुला ठाऊक आहे. आधी दोनदा काय झालं तेही ठाऊक आहे. दोन्ही वेळा तिला रिकाम्या हाताने घरी आणताना गाडीत शेजारी मीच बसले होते. म्हणून या खेपेला घरात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. तर तिच्या दवाखान्यात एक संशोधन चाललंय, गरोदर बायकांचं बीपी घरच्या घरी मोजलं तर धोका वेळेवर कळतो का, याचं. (बायकांचं बीपी का चढतं हे त्यांच्या नवऱ्यांकडे बघून सांगता आलं असतं, पण सातवीत शाळा सोडलेल्या बाईला कोण विचारतो?) निम्म्या बायकांना यंत्र देतात, निम्म्यांना नाही, आणि कुणाला द्यायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवतो. आपल्या घराण्यात आजवर कुणाला कधी लॉटरी लागली नाही. सुनेला लागली, तर त्यात मिळाला दंडाला बांधायचा पट्टा. बटण दाबलं की फुगतो आणि आकडा आपला आपण दवाखान्यात जाऊन बसतो. वर दर आठवड्याला फोन करणारी एक बाई. तिला मी प्रश्नवाली म्हणते. झोप किती, पाय सुजतात का, घरात कुणाच्या वागण्याचा ताण येतो का, एक ते पाचमध्ये सांगा. (याचं उत्तर सून आतल्या खोलीत जाऊन देते. दाराला कान लावून पाहिला, आकडा काही ऐकू आला नाही.)

पण खोटं कशाला बोलू, त्या पट्ट्याने पोरीचा जीव थाऱ्यावर आला. आकडा बरा आला की चार घास जास्त खायची. अडचण होती ती सकाळच्या सातची. सातला मोजायचं, त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, हा नियम. आता ही कुशी बदलून बदलून पहाटे कुठे डोळा लावते, तिला सातला हलवायचं म्हणजे पाप. आणि न मोजावं तर प्रश्नवालीने बजावलेलं, सारखं चुकलात तर नाव कमी होईल आणि पट्टा परत द्यावा लागेल. मी म्हटलं, त्यांना काय, एक दंड हवाय ना? माझाही दंडच आहे, तीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री ओढून तिच्यापेक्षा दुप्पट मजबूत. सुनेला थाप मारली की सकाळचं मोजणं त्यांनी माफ केलंय, तू संध्याकाळचं तेवढं बघ. आणि सोमवारपासून सकाळचा पट्टा मी बांधायला लागले. पाच मिनिटं गप्प बसायचं मात्र जमलं नाही. चिरंजीव ओला टॉवेल पलंगावर फेकून जायचे, मग गप्प कोण बसणार?

तीन दिवस तिकडून हूं की चूं नाही. गुरुवारी आकडा आला एकशे बहात्तर. मी आपली चहा ठेवायला वळले. दहाव्या मिनिटाला फोन, विसाव्याला दारात गाडी, आणि झोपेतून उठवलेली सून पोटाला दोन्ही हात धरून मला विचारतेय, आई, पुन्हा तेच का हो? ताई, तू माझ्या जिभेला लहानपणापासून कात्री म्हणतेस. ती कात्री तेव्हा गंजली. सांगितलं तर पट्टा जाईल, पट्टा गेला की पोरगी परत भिंतीकडे तोंड करून पडेल, एवढंच डोक्यात.

दवाखान्यात तिला तीन यंत्रांनी तीनदा मोजलं. एकशे चौदा. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. चार दिवस सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं, असं बीपी त्यांनी कधी बघितलंच नव्हतं म्हणे. शिकाऊ डॉक्टर गोळा झाले, वह्या निघाल्या. (माझा दंड एवढ्या शिकलेल्या माणसांना कोड्यात पाडेल असं इस्त्री ओढताना वाटलं नव्हतं.) मग ठरलं की धोका पत्करायचा नाही. भरती करा, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्या, वेळ आलीच तर आधीच मोकळी करू. सिस्टर सुई भरून आली. सून रडली नाही, नुसतं माझं बोट घट्ट धरलं. तेव्हा मी म्हटलं, "थांबा. सकाळचा तो हात माझा आहे."

खोलीत अशी शांतता पसरली की पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा मला बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर. सुनेला सोडलं आणि मला धरलं! दुसरीकडे खाट रिकामी नव्हती, म्हणून तिच्यासाठी काढलेल्या खाटेवर मी. शेजारची नऊ महिन्यांची मोठ्या मायेने विचारते, मावशी, तुम्हाला कितवा? म्हटलं, बावन्नावं.

संशोधनातून नाव गेलं नाही. माझ्या चार सकाळी खोडल्या, झालं. प्रश्नवाली म्हणाली, सात जमत नव्हतं तर नऊला मोजायचं, नुसतं विचारायचं होतं. (नियम विचारून बदलतात हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नाही.)

तर काळजीचं काही कारण नाही. तू मुद्दाम उठून येऊ नकोस. इथे सगळं माझ्या हातात आहे.

तुझी धाकटी

ता. क. ये. पुढच्या आठवड्यातच ये. मला इस्त्रीपुढे उभं राहायला बंदी, सुनेला वाकायला बंदी, आणि टॉवेल अजून पलंगावरच आहे. दाजींना खोकला घेऊन आणलंस तरी चालेल.

ता. क. दोन. दवाखान्यातून दिलेल्या बीपीच्या गोळ्या मी घेतच नव्हते. सून पाणी घेऊन समोर उभी राहायची, मी गोळी गालात धरून मोरीत थुंकायचे. परवा तिने पकडलं. ओरडली असती तर दोन शब्द मीही सुनावले असते. म्हणाली, आई, या वेळी मी बाळ घेऊन आले आणि दारात तुम्ही नसलात, तर ते मी कुणाच्या हातात देऊ? तेव्हापासून गिळते. (असलं बोलून सासूचं बीपी चढवायचं आणि मग स्वतःच पट्टा बांधायला यायचं. याला काय म्हणावं, एक ते पाचमध्ये तूच सांग.)