गच्चीवर ऐकू येतं

अहो,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही, तेवढं चालवून घ्या.

दुसरा संसार थाटायला गेलात तेव्हा घाईत तुमची गांजाची डबी इथेच राहिली. तुमच्या आईही राहिल्या, पण ते काही घाईत नव्हे.

आज दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी ती डबी घेऊन गच्चीवर गेले. उभ्या जन्मात साधी सिगरेट ओढली नाही, आणि पन्नाशीत थेट हे. कागदात गुंडाळताना निम्मा गांजा मांडीवर सांडला. दुसऱ्याच झुरक्याला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं.

आई अंथरुणाला खिळल्यापासून हाक म्हणून चमच्याने पेला वाजवतात. मी शिलाई मशीन सोडून धावायचे, तुम्ही गच्चीवर. खाली आलात की म्हणायचात, "अगं, ओढल्यावर मला काही ऐकूच येत नाही." मी बावळट, खरं मानलं. लोकांनाही सांगत आले, माणूस वाईट नाही, नशेत त्याला शुद्ध नसते.

डोकं हलकं झालं, उगाच हसूही आलं. तेवढ्यात खाली पेला वाजला. अगदी कानाशी वाजावा तसा स्वच्छ. चमचा पेल्याच्या काठाला लागला की खाली, तेसुद्धा कळलं.

तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.

मी कठडा धरून जिना उतरले आणि त्यांना कुशीवर वळवलं. नशेत तेही जमतं.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर म्हणाल, मिळालंच नाही.

तुमच्या आईची
सून