खिडकीलगतची भेग

३ मार्च. सकाळी.
रोजनिशी नियमित लिहिण्याचा संकल्प. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. परंतु अक्षर आणि भिंत मी कधी वाकडी काढली नाही. जन्मभर गवंडीकाम केले.
विषय: पत्नीची खोली. खिडकीलगत भेग, भेगेतून ओल. ओलीने तिचा खोकला वाढतो. पावसापूर्वी भेग बंद करा, अशी डॉक्टरांची सूचना. अडचण एकच. रस्त्यासाठी समोरचे झाड तोडल्यापासून नांगी नसलेल्या बारीक मधमाश्यांनी त्या भेगेत घर केले आहे. बाहेर मेणाची नळी काढली आहे. अंथरुणाला खिळलेली पत्नी दिवसभर तिकडेच पाहते. म्हणते, अहो, तुमच्यापेक्षा या वेळेवर घरी येतात. दुर्लक्ष केले.

५ मार्च.
पत्नीने शब्द मागितला: भेग बुजवा, पण त्यांना मारू नका. दिला. माझा शब्द ओळंब्यासारखा सरळ असतो.

८ मार्च. दुपारी.
सुनेने शेतकी कॉलेजातील बाई आणली. मला विचारले नाही. बाईने नळीला लाकडी बॉक्स जोडला. माश्यांनी त्यातून ये-जा करावी, हळूहळू तेथे घर बांधावे, नवी राणी तयार व्हावी, अशी योजना. जुनी राणी भिंतीतच राहते म्हणे. अंगाने जड, उडू शकत नाही. तोवर भिंतीला हात लावू नका, आजोबा, असे बजावून गेली. अवधी? काही महिने. मासिक पगारावरची माणसे दिवसांत बोलत नाहीत.

१५ मार्च.
बॉक्सचे झाकण उघडले. आत माश्याच माश्या. स्थलांतर पूर्ण. बाईंना कळविण्याचे प्रयोजन दिसत नाही. पत्नी म्हणाली, थांबा की जरा, भोक दिसलं की तुमचे हात शिवशिवतात. हा अनुभव आहे, असे तिला समजावले.

१६ मार्च.
नळी काढली. भेग सिमेंटने खोलवर भरली, वर घोटून प्लास्टर. जोड दाखवणाऱ्यास बक्षीस. बॉक्स खिडकीसमोर टांगला. मुलाने विचारले, बाबा, त्या बाईंना विचारलं होतं का? उत्तर देणे कमीपणाचे वाटले.

१७ मार्च.
पत्नी म्हणते, भिंतीतून गुणगुण येते. दीर्घ आजारात कानही दगा देतात. माश्या बॉक्स सोडून प्लास्टरवर बसत आहेत. ओल्या सिमेंटचा गारवा मानवत असावा.

१९ मार्च. संध्याकाळी.
पत्नी म्हणाली, आवाज कमी झाला. मी म्हणालो, पाहा, सुधारणा आहे.

२१ मार्च.
बॉक्समध्ये मुंग्या. प्लास्टरवर एकही माशी नाही. सुनेने पुन्हा ती बाई बोलावली. भिंत फोडणे भाग पडले. छिन्नी मीच चालवली, दुसऱ्याने विटा खराब केल्या असत्या. आत मेणाची इवलीशी मडकी, मध भरलेला. माश्या एकमेकींना बिलगून वाळलेल्या. मध्यभागी एक मोठी. बाई एवढेच म्हणाली, आजोबा, ही घर सोडून जाऊच शकत नव्हती.
पत्नीला पलंगावरून सर्व दिसत होते. पडदा ओढायचे राहून गेले.

२३ मार्च.
पुन्हा प्लास्टर केले. हे आधीच्यापेक्षाही सरस झाले आहे. बॉक्स माळ्यावर टाकला.
पत्नीने पलंग फिरवून मागितला. फिरवला. आता तिच्यासमोर दुसरी भिंत आहे. तीही मीच बांधलेली. एक भेग नाही. खोकला तूर्त तसाच आहे.
मी खोलीत गेलो की ती डोळे मिटून घेते. झोप चांगली लागू लागली आहे. कामाचा गुण.