वेडा राघू हा पक्षी असल्याबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सहकारी संस्था, मुळशी तालुका.

विषय : गच्चीची किल्ली व दुर्बीण परत मिळणेबाबत, तसेच वेडा राघू हा पक्षी आहे असे संस्थेस लेखी कळवणेबाबत.

संदर्भ : सातमाळ गृहरचना संस्था, नांदे, यांची दि. २० जानेवारी २०२५ ची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार श्री. निरंजन माणिकराव सोळंके हे मूळचे परभणीचे, सध्या हिंजवडीत नोकरीस व सदर संस्थेत सदनिका क्र. ४०३ मध्ये राहतात. त्यांना दारू, पत्ते किंवा राजकारण यांपैकी कशाचेही व्यसन नाही. फक्त पक्षी पाहण्याचा नाद आहे. पिरंगुटला बस अडली की बाकीचे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडतात. अर्जदार कारखान्याच्या पत्र्यावर बसलेल्या घारी पाहतात. सासुरवाडीस गेले की जावयाचा पाट सोडून विहिरीच्या काठी खंड्याची वाट पाहत बसतात. पत्नी सौ. अनुष्का यांनी हे लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिले, म्हणजे तक्रार करणे सोडून दिले. दिवसभर संगणकातल्या चुका शोधणाऱ्या माणसाला सकाळी गच्चीवर अर्धा तास एकही चूक नसलेली वस्तू पाहायला मिळावी, इतकेच त्यांचे सुख होते.

२. संस्थेच्या संमतीनेच अर्जदार लिफ्टशेजारच्या फळ्यावर 'आजचा पक्षी' लिहीत. दि. १५ जानेवारी रोजी त्यांनी लिहिले, 'स. ६.५० वा. पाण्याच्या टाकीजवळ वेडा राघू दिसला. एकटाच होता.' वेडा राघू हा चिमणीएवढा हिरवा पक्षी असून तारेवर बसतो व उडते किडे पकडतो.

३. संस्थेचे अध्यक्ष श्री. राघू हैबतराव ढमाले ऊर्फ राघूशेठ यांचे कार्यालय पाण्याच्या टाकीखाली आहे व ते तेथे एकटेच बसतात. हा योगायोग अर्जदाराच्या ध्यानात आला नव्हता. सभासदांच्या आला. दुपारपर्यंत चारही मजले हसत होते. संध्याकाळी अध्यक्षांनी फळा स्वतःच्या हाताने पुसला.

४. पहिल्या दिवशी अर्जदाराच्या मनात काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, हे ते नाकारत नाहीत. दि. १६ ची नोंद अशी : 'वेडा राघू आजही त्याच जागी. तासभर माश्या मारत बसला होता.' पक्षिशास्त्राच्या दृष्टीने यात एक अक्षर खोटे नाही.

५. त्यावर अध्यक्षांनी बैठक बोलावून विचारले, "हितं आमच्या रानात राहायचं आन् आमालाच येडं म्हणायचं व्हय?" रान त्यांचे होते हे खरे. ते त्यांनीच बिल्डरला दिले व बदल्यात सदनिका घेतल्या. अर्जदाराने पक्ष्यांचे पुस्तक उघडून दाखवले, तर त्यांनी पुस्तक न पाहताच मिटले. आवारात झाडलोट करणाऱ्या, नांदे गावच्याच श्रीमती गंगूबाई यांनी तेव्हा न विचारता साक्ष दिली : "राघ्या ल्हान असताना गलोल घिऊन ह्याच पाखरामागं हिंडायचा. तवा त्येला वेडा राघूच म्हणायचा की." म्हणजे अध्यक्षांना पाखरू ठाऊक होते. लोक हसले, ते त्यांना सोसले नाही.

६. इथवर अर्जदाराने सोडून दिले असते. परंतु दि. २० च्या नोटिशीत अध्यक्षांनी लिहिले, की अर्जदार गच्चीवरून दुर्बिणीने समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत पाहतो. गच्चीला कुलूप लागले, अर्जदाराकडील किल्ली काढून घेतली गेली व दुर्बीण जप्त झाली. त्या दिवसापासून समोरचे पडदे दिवसाही बंद असतात. सौ. अनुष्कांच्या हळदीकुंकवाला सहा बायकांना निमंत्रण होते, एकच आली, तीही दारातूनच वाण घेऊन गेली. अर्जदाराच्या वह्यांत दोन वर्षांत त्रेसष्ट जातींचे पक्षी आहेत, माणूस एकही नाही. पण वही कोण उघडून पाहतो? त्यांना लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहावे लागते, याची त्यांना चीड येते, आणि ती अजून कमी झालेली नाही.

७. जप्त दुर्बीण कपाटात सीलबंद असल्याचे नोटिशीत म्हटले आहे. प्रत्यक्षात ती फेब्रुवारीतील बैलगाडा शर्यतीत अध्यक्षांच्या गळ्यात होती. फोटो जोडला आहे. दुर्बीण त्यांनी उलटी धरली आहे, याकडे लक्ष वेधण्याचा मोह अर्जदारास आवरत नाही.

८. सबब विनंती, की किल्ली व दुर्बीण परत देण्याचे आदेश व्हावेत. माफीपत्र नको. त्याऐवजी आपल्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी पुढील मजकूर अध्यक्षांच्या नावे पाठवावा : 'वेडा राघू हा पक्षी आहे. तो निरुपद्रवी आहे. श्री. सोळंके त्यालाच पाहत होते, कोणाच्या खिडकीत नव्हे.' या संस्थेत सरकारी कागद सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनीच उभे राहून माइकवर वाचायचा, असा शिरस्ता आहे. तो राघूशेठनीच पाडला, कारण त्यांचा सचिवावर विश्वास नाही. तो मोडू नये. समोरच्या इमारतीतील सर्व भगिनींना सभेस आवर्जून बोलवावे. वाचताना अध्यक्ष अडखळले तर त्यांना पहिल्यापासून वाचावयास सांगावे. अर्जदार सहकुटुंब पहिल्या रांगेत बसतील व हसणार नाहीत, अशी हमी देतात. सौ. अनुष्कांची हमी ते देऊ शकत नाहीत.

सभेच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला, आपला नम्र,
(सही)
निरंजन माणिकराव सोळंके
नांदे, ता. मुळशी, जि. पुणे
दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. शर्यतीतील फोटो.
३. श्रीमती गंगूबाई यांचा जबाब, अंगठ्यासह.
४. आवारात दिसलेल्या इतर पक्ष्यांची यादी, सभेत वाचण्यासाठी : वंचक, गप्पीदास, सातभाई. अध्यक्षांचे भाऊ चारच असल्याने शेवटच्या नावाबाबत त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. पहिल्या दोन नावांबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही.