बरणीत एकजीव, टाकीत दही

७ एप्रिल २०१४, ब्योबलिंगेन, जर्मनी
चार बरण्या लावल्या. रस्त्याकडेच्या तणावर दोन औषधं एकत्र फवारायचीत. जमतात का ते आधी बरणीत बघायचं. आधी दाणेदार, मग तेलकट, ढवळायचं, अर्धा तास बघत बसायचं. संस्कृत एम. ए.ला याहून योग्य नोकरी नाही. चारही एकजीव. 'चालेल' लिहून सही ठोकली. तीसला प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपतो, मग पक्की.

८ एप्रिल
टाकीत दही! फवाऱ्याची तोंडं तुंबली, गाडी दोन तास रस्त्याकडेला. मुकादम ब्राउनसाहेब ड्रायव्हरवर, डीटरवर, घसरले. "तेलकट आधी ओतलंस!"
"नाही. दाणे आधी. बावीस वर्षं तेच करतोय."
साहेबांनी माझा कागद सगळ्यांसमोर हलवला. "मग बाईंच्या बरणीत कसं नाही झालं?"
मला तरी कुठे कळलंय.

९ एप्रिल
पुन्हा बरण्या. पुन्हा एकजीव. डबे तेच, माप तेच. न्यायशास्त्रात कारणं तीन. इथे एकही सापडेना. ह्यांना विचारलं. गाड्यांचे इंजिनियर, सगळ्यात व्हायब्रेशन दिसतं.
"अहो, बरणी मीही हलवते."
"मग तुझी बरणी शहाणी आहे."
डीटरला शुक्रवारी आबमानुंग. लेखी ताकीद, दुसरी. यानंतर घरी.

१० एप्रिल
डीटरचं सकाळचं हस्तांदोलन, नेहमीसारखं. राग नाही, तेच वाईट. "फ्राउ जोशी, तुमचे हात कायम गरम कसे?"
म्हटलं, गरम पाण्यात असतात ना, आल्याआल्या नळ डावीकडे
आणि तिथेच थांबले.
बरण्याही त्याच नळावर भरते. गार पाण्यात हात घालायचा नाही, ही पुण्याहून आणलेली खोड. टाकी भरते अंगणातल्या नळावर. तिथे बोटं बधिर होतात.
अंगणातलं पाणी आणून एक बरणी लावली. दाणे तळाशी बसले, तेलकट पडताच गाठी. दही.
घरी सांगितलं. ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग, "तीसनंतर सांग ना."
"ताकीद उद्या आहे."
"हो. तेही खरंच."

११ एप्रिल
साडेनऊला डीटरला आत बोलावलंय. आत्ता नऊ वीस. आधी लिहिलं, 'निमित्तकारण मी.' खोडलं, ब्राउनसाहेबांना काय कळणार. मग साध्या जर्मनमध्ये: माझ्या बरण्यांतलं पाणी गरम होतं. खाली सहीची जागा. दह्याची बरणी शेजारी.
हात आज गार पडलेत. डीटरला दाखवायला हवेत.