माझी विषम प्रकरणं

१२ मार्च २०२५

आजही नाही! सातवं प्रकरण पाठवून सोळा दिवस झाले. सबाचं आठवं यायला हवं होतं. आला फक्त मेसेज — "मंजू, अजून तुझ्या सातव्यातच आहे गं." अगं, सातव्यात काय करतेस? ते मी लिहिलंय! तू आठवं लिही.

नऊ वर्षं, अकरा कादंबऱ्या, सगळ्या अशाच झाल्या. विषम प्रकरणं मी जळगावात लिहिते, सम ती धुळ्यात. मी आमच्या अ‍ॅडव्होकेट भूमिकाला संकटात टाकते, सबा तिला बाहेर काढते. प्रकाशक जीवरामभाऊ धुळ्याचे, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. म्हणून सगळं जुळवून तीच नेऊन देते. इतकं साधं काम. मग घोडं अडतं कुठे?

१५ मार्च

दुकानात चोपड्याची एक बाई स्टीलचे डबे घ्यायला आली. काउंटरमागच्या फळीवर आमचं पुस्तक दिसलं तिला. "ताई, त्या मंजू-सबामधल्या मंजू तुम्हीच का? बठ्ठा पुस्तकं वाचेल शेतस मी! नवं कव्हय येस?"

"लवकरच" म्हटलं आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. गल्ल्यावरून आमचे हे, अर्पित, म्हणाले, "सबावरचा राग डब्यावर नको."

२० मार्च

जीवरामभाऊंचा फोन. पुस्तकं वाचून ऐकवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांना आमची मालिका हवी आहे, पण बारावं पुस्तक १० एप्रिलपर्यंत हातात पाहिजे. नाहीतर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार.

घरात मी सून. दुकानात काउंटर. मला लेखिका म्हणतात ते या पुस्तकांमुळे, आणि ते आता सबाच्या आळसापायी जाणार! चिडचिड होतेय नुसती. भाजी करपली.

२१ मार्च

सबाला फोन केला. आवाज थकलेला. रोजे, शाळेचे पेपर, अम्मीचे गुडघे — सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "तुला जमत नसेल तर आठवं मी लिहिते."

ती म्हणते, "नको. थोडा वेळ दे. तुझ्या सातव्यात काहीतरी राहिलंय."

राहिलंय! माझ्यात! फोन आपटावासा वाटला. मोबाइल आपटताही येत नाही, एवढा महाग.

२४ मार्च

ठरलं. उरलेली दोघींची प्रकरणं मीच लिहिणार. तिला कळवायचं नाही.

३१ मार्च

ईद. दरवर्षी सकाळच्या एसटीने धुळ्याला जाते. सबाची अम्मी, अमिनाबी, समोर बसून शीरखुर्मा खायला घालतात, निघताना डबाही देतात. यंदा गेले नाही. "मुबारक" एवढाच मेसेज टाकला. सबाचं उत्तर — "अम्मी दोनदा दारात जाऊन आली."

रडू आलं. पण उठले नाही. चौदावं लिहीत होते. तिचं चौदावं, तिच्यासारखं.

८ एप्रिल

बावीस प्रकरणं पूर्ण! समांनी घाम काढला. सबा कुठे थांबते, कुणाच्या तोंडी काय घालते, सगळं तिच्या जुन्या प्रकरणांत बघून बघून लिहिलं. विषम मात्र सरसर. एका बैठकीत एक. माझं मी पुन्हा वाचत नाही, कधीच नाही. आतून आलेलं असतं ते!

सबाला न सांगता ईमेलने परस्पर जीवरामभाऊंना पाठवलं. खरंच गेलं का, ते दोनदा उघडून बघितलं.

११ एप्रिल

जीवरामभाऊंचा फोन. मी म्हटलं, आता पकडणार — सम सबाची नाहीत म्हणून.

"सबाताईंची प्रकरणं झकास," म्हणाले. "पण मंजूताई, विषम कुणाकडून लिहून घेतलीत?"

मी म्हटलं, भाऊ, ती तर माझीच!

"छे! तुमचा हात मी नऊ वर्षं ओळखतो. गेल्या पुस्तकातलं ते रुपचंदशेठचं मरण, तो बशीतला चहा — असं लिहिणारी बाई हे लिहीलच कशी? चार दिवस मागून घेतलेत अ‍ॅपवाल्यांकडून. तुमची खरी प्रकरणं पाठवा."

खरी! आणि बशीतला चहा कुठला? मी कुठे लिहिला चहा?

१२ एप्रिल

फळीवरचं अकरावं पुस्तक काढलं. आमचं छापलेलं पुस्तक मी आजवर उघडलेलं नाही. जे आपणच लिहिलं ते काय वाचायचं!

तिसरं प्रकरण. मी सबाला पाठवलेलं मूळ प्रकरण मोबाइलमध्ये आहे, त्यात रुपचंदशेठ विष घेऊन धाडकन पडतो, पुढे चार उद्गारचिन्हं. छापलेल्यात तो बशीत चहा ओततो, साखर कमी का म्हणून बायकोवर खेकसतो, मग उठून स्वतःच साखर आणतो, तिच्याही कपात घालतो. मग पडतो.

पाचवं काढलं. सातवं. नववं. मोबाइल एका हातात, पुस्तक दुसऱ्या. प्रसंग माझे आहेत, माणसं माझी आहेत. वाक्य मात्र एकही सापडेना. दुपारभर जमिनीवर बसून होते. दुकानातून दोन फोन आले, घेतले नाहीत.

१३ एप्रिल

सबाला फोन केला. भांडायचं की माफी मागायची, ठरलं नव्हतं. एवढंच विचारलं — माझी प्रकरणं तू नव्याने लिहितेस, ते कधीपासून?

"पहिल्या पुस्तकापासून," ती म्हणाली. "असं काय विचारतेस? तुला माहीतच होतं ना, मंजू?"