फॉर्मवरचं ‘नाही’

प्रिय भिंगरी,

हे पत्र मुद्दाम जावईबापूंच्या हाती देतोय. फोनवर मी विनोद करून विषयाला बगल देतो, हे तुला ठाऊक आहे. आधी एक गुन्हा कबूल करतो. काल मी तुझ्या दवाखान्यात जाऊन आलो.

तू तपासणीचं सांगितलंस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. जेमतेम बारा आठवडे झालेले, पोट अजून आरशालाही कळलेलं नाही, आणि ही मंडळी दोन्ही दंडांचं बीपी मोजतात, रक्त काढतात, गर्भाशयाकडे रक्त नीट जातंय का ते सोनोग्राफीत बघतात. कशासाठी, तर पुढे बीपी चढेल का, बाळाची वाढ खुंटेल का, ते आत्ताच कळावं म्हणून! मी तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. मापाच्या नावाखाली काय काय चालतं, ते मला नको शिकवूस. त्यात तो फॉर्म. तुझ्या आईला गरोदरपणात काही त्रास झाला होता का, याच्याशी यांना काय देणंघेणं? तू फोनवर विचारलंस आणि मी बेधडक सांगितलं, ‘नाही’ लिही, परक्यांना घरातलं कशाला?

तर काल हत्यारांची पेटी उचलली आणि बाळांचा काटा तपासायला आलोय म्हणून ठोकून दिलं. काटा खरंच चाळीस ग्रॅम चुकत होता. मनात म्हटलं, सापडले! काम लांबवत कान पडद्यापलीकडे लावले. नर्सबाई कुणाला तरी दटावत होत्या, “अहो, सासूबाईंचं पुराण नको, तुमच्या आईचं सांगा. तिचं बीपी चढलं होतं का? तुम्ही सांगाल त्यावरच आमचं गणित. धोका निघाला तर गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करायची असते, मग वेळ गेलेली असते.” विकणाऱ्याच्या आवाजात एक साखर असते, ती मी झोपेतही ओळखतो. या बाईच्या आवाजात ती नव्हती. माझा हात पान्यावरच थांबला.

तुझा ‘धोका कमी’ आला म्हणून तू किती खुशीत होतीस! पोरी, ते ‘नाही’ खोटं आहे. तुझ्या वेळी सातव्या महिन्यात आईचं बीपी चढलं, चेहरा सुजला, झटके आले. तू सव्वा किलोची होतीस. तू जन्मतः गुटगुटीत होतीस वगैरे सगळं मी रचलेलं. शुद्धीवर आल्या आल्या तिने मला बजावलं, “हे पोरीला कधी कळू द्यायचं नाही, नाहीतर जन्मभर माझी माफी मागत फिरेल.” ती पुढे नऊ वर्षं जगली, आणि तिच्या माघारीही मी शब्द पाळला. आज मोडतोय. तुला चौदावा आठवडा चालू आहे. उद्या सकाळीच जा, खरं काय ते सांग, गणित पुन्हा मांडायला लाव, आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर एकही चुकवू नकोस. माझ्यावर रागवायचंच असेल तर खुशाल रागव. पण दवाखान्यातून आल्यावर.

तुझाच,
संशयी बाबा