तिसरा रकाना

मास्तरीणबाई,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. कॉलेजला चालले आहे. आज समाजशास्त्राच्या तासाला 'घरकाम' या प्रकरणावर मला बोलायचंय. टिपणं तयार आहेत. तू शिकवलीस तश्शीच, पानाचे तीन रकाने पाडून: लेखिका काय म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते आणि मला पटतं का.

पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, "ह्यांना पटत नाही." तू हसून हसून लोळलीस आणि खोडरबर माझ्या हातात देऊन म्हणालीस, "आई, परीक्षा बाबांची आहे का?" असा राग आला होता तुझा! मग त्या कोऱ्या रकान्यासमोर कितीतरी वेळ बसले, तेव्हा लक्षात आलं, मला काय पटतं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस. फार बरं वाटलं गं पोरी. तोंडावर सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून इथे लिहिते.

या वेळी तिसरा रकाना पान उलटून मागे गेलाय. काल तो मी बाबांना वाचून दाखवला.

तुझा डबा ओट्यावर आहे. बाबा उठले की चहा मागतील. तू करायला धावू नकोस. साखर आणि पत्ती कुठे असते, तेवढं दाखव. दूध उतू गेलं तर जाऊ दे. पुसायचं फडकं कुठे असतं, तेही दाखव.

तुझी आई